सकाळचं जेवण बाराला

शिरूर-दौंडकडच्या एखाद्या घरातून ‘उद्या सकाळी जेवायला या’ असं आवतण आलं, तर पुण्या-मुंबईच्या पाहुण्यानं नऊच्या ठोक्याला दारात उभं राहू नये. चहा मिळेल, पोहेही होतील, पण स्वयंपाकाला अजून हात लागलेला नसेल. इकडच्या जुन्या माणसांच्या हिशेबात सकाळचं जेवण अकरा ते एकच्या दरम्यान कधीतरी होतं. जेवणं दोन. एक सकाळचं, एक संध्याकाळचं. दुपार हा शब्द सगळ्यांना ठाऊक असतो, पण ती कामाची किंवा आडवं होण्याची वेळ. तसंच संध्याकाळचं. ‘संध्याकाळी जेवायला’ म्हणजे सहाला नव्हे. जनावरं बांधून, धारा काढून, डेअरीला दूध घालून माणसं घरी आली की मग पाट मांडायचे, आणि तोवर साडेआठ होतात.

या दोन जेवणांच्या आधी न्याहारी. पहाटे उठून रानात गेलेल्या माणसाला दिवस कासराभर वर आला की भूक लागते, आणि त्या वेळी बांधावर जे पोचतं ती न्याहारी. बाजरीची भाकरी, बहुधा रात्रीची. तिच्यावर ठेचा, बुक्कीनं फोडलेला कांदा, कधी कालचं कोरड्यास, कधी नुसतं दही. गडी दोन-दोन भाकरी खाऊन उठतो, वर तांब्याभर पाणी पितो, आणि तरीही त्याला विचारा, ‘जेवलास का?’ तर तो म्हणेल, ‘न्हाई अजून, न्याहारी केलीया.’ म्हणजे किती खाल्लं यावर जेवण ठरत नाही. हातपाय धुऊन, ताट घेऊन, मांडी घालून बसलं तर ते जेवण. बांधावर उकिडवं बसून खाल्लं ती न्याहारी, मग ती पोटभर का असेना.

मराठीची एक गंमत इथेच दिसते. दिवसाच्या दोन मुख्य खाण्यांना आपल्याकडे दोन वेगळी नामं नाहीत. जेवण एकच, मागं सकाळचं, दुपारचं, रात्रीचं असं विशेषण लावून आपण वेळ सांगतो. घड्याळाच्या बाबतीत इतकी कंजूष असलेली भाषा प्रसंगाच्या बाबतीत मात्र उधळी आहे. लग्न ठरलं की केळवण. सातव्या महिन्यात डोहाळजेवण. काशीहून परत आलं की मावंदं. देवाला बोललेलं फेडायचं तर सवाष्णी, कुठं कंदुरी, कुठं जागरणाचं जेवण. सप्ताह संपला की काल्याचं. सरपंच झालं की गावजेवण, माणूस गेलं की दहाव्याचं आणि तेराव्याचं. आणि तीन वर्षांतून एकदा अधिक महिना आला की जावयाला धोंडे जेवण: कणकेत पुरण भरून उकडलेले धोंडे, शिवाय तेहतीस अनारसे. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. त्या महिन्यात जावई नावाच्या माणसाला स्वतःच्या घरी जेवायला फारशी सवड मिळत नाही. यातल्या एकाही नावावरून वेळ कळत नाही. ‘उद्या केळवण आहे’ म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: ‘सकाळचं का संध्याकाळचं?’ पण कुणी, कुणासाठी, कशाबद्दल आणि काय रांधायचं, एवढं सगळं मात्र त्या एका शब्दात येऊन जातं. मटण का पुरणपोळी हे विचारायची गरजच उरत नाही.

इंग्रजीचं नेमकं उलट. ब्रेकफास्ट, लंच, टी, डिनर, सपर हे शब्द आपण शाळेत घड्याळाच्या चित्रांसकट शिकलो. काटा आठावर, ब्रेकफास्ट. काटा एकावर, लंच. काटा रात्री आठावर, डिनर. पाठ्यपुस्तकातलं हे वेळापत्रक खुद्द इंग्लंडात मात्र सगळीकडे चालत नाही.

उत्तर इंग्लंडातल्या कष्टकरी घरांत डिनर दुपारी होतो, आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला मटण-बटाटे, पाव, भाजी असं जे भरपेट जेवण होतं त्याला म्हणतात टी. तिथं कुणी ‘टीला या’ म्हटलं आणि आपण घरून जेवून गेलो, तर दोन्हीकडची पंचाईत. दक्षिणेकडच्या सुखवस्तू घरात त्याच टीचा अर्थ चारच्या सुमाराचा चहा, सोबत पातळ सँडविचं आणि केक. ब्रिटिश शाळांतलं दुपारचं जेवण देशभर स्कूल डिनर म्हणून ओळखलं जातं आणि ते वाढणाऱ्या बायकांना डिनर लेडी म्हणतात, मग मुलांच्या घरी त्याला लंच म्हणोत नाहीतर आणखी काही. नाताळचा डिनर तर बहुतेक घरांत भर दुपारी होतो. आणि सपर? काहींच्या घरी तो रात्रीचा घरगुती, बिनथाटाचा डिनर. काहींच्या घरी झोपताना घेतलेलं दूध-बिस्किट. अमेरिकेच्या ग्रामीण भागातही जुन्या पिढीचा डिनर दुपारचा आणि रात्रीचा तो सपर.

हा नुसता प्रांताप्रांतातला फरक असता तर आपण सोडून दिलं असतं. आपल्याकडेही कोरड्यास, कालवण आणि रस्सा यांच्या सीमा दर वीस कोसांवर बदलतात. पण इंग्रजांच्या ताटात वर्गाचा वासही आहे. १९५४ मध्ये अॅलन रॉस नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं वरच्या वर्गाची आणि इतरांची इंग्रजी कुठल्या शब्दांवरून ओळखू येते याची मांडणी केली. दुपारच्या खाण्याला लंच म्हणतो तो वरचा, डिनर म्हणतो तो खालचा, हा त्यातला एक दाखला. पुढच्याच वर्षी नॅन्सी मिटफर्ड या लेखिकेनं त्यावर चुरचुरीत लेख लिहिला आणि अर्धं इंग्लंड आपापल्या जिभेकडे संशयानं बघू लागलं. माणसाची पत त्याच्या ताटात काय आहे यावरून नव्हे, तर त्या ताटाला तो काय म्हणतो यावरून ठरवायची, ही करामत इंग्रजांनाच जमावी. (आपण जातीवरून ठरवत आलो, तेव्हा फार हसायचंही कारण नाही.)

हा घोळ झाला कसा? डिनर घसरत गेला म्हणून. सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये, रोजनिशीकार सॅम्युअल पीप्सच्या काळात, डिनर भर दुपारी बाराच्या आसपास व्हायचा. दिवसाचं मुख्य जेवण ते. अठराव्या शतकात तो दोन, तीन, चार असा पुढे सरकला. बड्या लोकांनी उशिरा जेवायचं, म्हणजे मेणबत्त्या जाळायची ऐपत दिसते, आणि इतरांनी हळूहळू त्यांच्या मागं जायचं. जेन ऑस्टिनच्या १८१३ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये शहरी वळणाच्या श्रीमंतांच्या घरी डिनर साडेसहाला आहे. पुढं गॅसचे दिवे आले, आगगाडी आली, सकाळी घर सोडून संध्याकाळी परतणारा कारकून आला, आणि डिनर रात्रीत जाऊन बसला. मधे जे भगदाड पडलं ते बुजवायला लंच वाढला. लंचन हा शब्द आधी पावाच्या किंवा चीजच्या जाडजूड तुकड्याला वापरत, जेवणाला नव्हे. आपल्या ‘भाकरतुकड्या’तला तुकडा म्हणा. एकीकडे तुकड्याचं जेवण झालं. दुसरीकडे, लंच आणि लांबलेला डिनर यांच्यामधली संध्याकाळ भुकेली जायला लागली म्हणून १८४० च्या आसपास चारचा चहा प्रतिष्ठित झाला. त्याचं श्रेय बेडफर्डच्या डचेसला देतात. ज्यांना दुपारी कामावरून घरी येऊन जेवणं सोयीचं होतं, त्या गिरणी-खाणींच्या मुलखात मात्र डिनर जागचा हलला नाही. आजचा उत्तर-दक्षिण फरक हा त्या न घसरलेल्या डिनरचा.

मुळाशी गेलं तर आणखी मजा आहे. डिनर हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, आणि तिथं त्याचा मूळ अर्थ उपास मोडणं. म्हणजे अर्थानं डिनर आणि ब्रेकफास्ट सख्खे भाऊ. एकाला रात्री पाठवलं, दुसरा सकाळीच राहिला. हे फक्त युरोपात घडलं असंही नाही. नाश्ता हा शब्द आपण फारसीकडून घेतला. तिथं नाश्ता म्हणजे सकाळपासून काही न खाल्लेला, उपाशी. न्याहारीही त्याच वाटेनं आलेली. फारसीत नाहार म्हणजे अन्न पोटात न गेलेला, आणि त्या उपाशीपणावर उतारा ती नहारी. आणि आजच्या इराणात जाऊन नाहार मागा, दुपारचं जेवण पुढं येईल. म्हणजे बाजरीच्या शिळ्या भाकरीला आपण ज्या नावानं हाक मारतो, ते नाव तिकडे डिनरसारखंच सकाळवरून दुपारवर घसरलं. दोन्ही नावं मुळात भुकेची. त्यांच्या पंगतीत अस्सल देशी असं उरतं ते जेवण: संस्कृतातलं जेमन, म्हणजे नुसतं खाणं. आणि फराळ, जो मूळचा फलाहार, उपासाचा. तोच दिवाळीत चकली-चिवड्याच्या डब्यात जाऊन बसला. एकादशीचा फराळ आणि दिवाळीचा फराळ यांच्यात साम्य काय, असं एखाद्या परदेशी पाहुण्यानं विचारलं तर आपलीही जरा अडचणच होते.

आता हे साहेबी शब्द घोडनदीच्या काठी कसे आले ते बघू. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिरूरला कंपनी सरकारची छावणी होती. पुण्यात पेशवा, आणि पुणे-नगर रस्त्यावर त्याच्यावर नजर ठेवायला ही पलटण. म्हणजे ज्या वर्षांत तिकडे इंग्लंडात डिनर दुपारवरून संध्याकाळकडे घसरत होता, नेमक्या त्याच वर्षांत तिकडचे साहेब इथं तंबू ठोकून होते. हिंदुस्थानातल्या साहेबांनी मधल्या भगदाडासाठी लंच न वापरता स्वतःचा शब्द चालवला: टिफिन. १८८६ मध्ये यूल आणि बर्नेल यांनी अँग्लो-इंडियन शब्दांचा जो प्रचंड कोश काढला, तो ‘हॉब्सन-जॉब्सन’, त्यात टिफिनचा माग इंग्लंडातल्या जुन्या बोलीपर्यंत लावला आहे. १७८५ च्या ग्रोसच्या गावठी इंग्रजीच्या कोशात टिफिंग म्हणजे जेवणाच्या वेळा सोडून मधेच खाणं-पिणं. इंग्लंडात हा शब्द मेला, हिंदुस्थानात फोफावला. पुढं तो मद्रासेकडे इडली-डोशाच्या ताटलीत शिरला, आणि मुंबईत ज्या भांड्यातून तो येई त्या भांड्याचंच नाव झाला. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरकडच्या माणसांनी मुंबईत तो वाहून नेण्याचा धंदा शंभर वर्षांहून जास्त चालवला, पण स्वतःला कधी टिफिनवाले म्हणवून घेतलं नाही, डबेवालेच राहिले.

शिरूरच्या छावणीतली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती नैवेद्याची आहे. कर्नल विल्यम वॉलेस हा तिथला अधिकारी १८०९ मध्ये वारला आणि शिरूरलाच त्याची कबर झाली. पंचक्रोशीतल्या लोकांनी त्याला सत्पुरुष ठरवलं. पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की सुगीत नवं धान्य आलं की शेतकरी त्याचा नैवेद्य या साहेबाच्या कबरीवर दाखवत. जिवंत असताना साहेब टिफिन आणि डिनर घेत असेल. मेल्यावर त्याच्या वाट्याला आलेल्या खाण्याचं नाव मराठी होतं, आणि वेळ ठरत होती ती पिकावरून.

साहेबाच्या बंगल्यातला आणखी एक शब्द आज चमत्कारिक वाटतो: हाजरी. ‘हॉब्सन-जॉब्सन’ म्हणतो, बंगाल इलाख्यातल्या इंग्रज घरांत हाजरी म्हणजे ब्रेकफास्ट, आणि पहाटे घोड्यावरून रपेट मारायच्या आधी-नंतर घ्यायचा चहा-टोस्ट म्हणजे छोटा हाजरी. शब्दाचा अर्थ हजर राहणं. त्याचं खाण्यात रूपांतर कसं झालं हे कोशकारांनाही नीट उलगडलं नाही. दौंडच्या राखीव पोलिसांच्या तळावर हजेरी म्हणजे रांगेत उभं राहून नाव पुकारणं, खाण्याशी संबंध नाही. (लष्करी-पोलिसी मुलखातला खाण्याचा साहेबी शब्द वेगळाच टिकलाय: बडा खाना. अधिकारी आणि जवान त्या दिवशी एकत्र जेवतात. तोही ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्ये आहे.) पण हजेरी आणि खाणं यांची गाठ या भागात एकदा पक्की पडली होती. १९७२ च्या दुष्काळात शिरूर-दौंडची कोरडवाहू गावं खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या मातीकामाला लागली. मुकादम मस्टर उघडून हजेरी घेई, आणि ज्याची हजेरी लागली त्याला सुकडी मिळे. भरड पिठाची, गोडसर, हातावर घेऊन खायची. घरी अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकऱ्या. त्या पिढीला ‘सुकडी’ म्हटलं की सगळं एकदम आठवतं. ते ब्रेकफास्ट होतं की लंच, हा प्रश्न विचारणाऱ्याला ते चांगलं निरखून बघतील.

लंच हा शब्द मात्र शेतातून आला नाही, तो कचेरीतून आला. मंत्रालयाच्या परिपत्रकात शुद्ध मराठी असतं: २०१९ मध्ये राज्य सरकारनं कर्मचाऱ्यांना बजावलं की भोजनाची सुट्टी दुपारी एक ते दोनच्या दरम्यान जास्तीत जास्त अर्धा तास. पण कुठल्याही कचेरीत उतारा काढायला गेलेल्या शेतकऱ्याला कुणी ‘साहेब भोजनास गेले आहेत’ असं सांगितल्याचं ऐकिवात नाही. ‘लंच टाइम झालाय, अडीचनंतर या.’ त्यामुळे गावाकडच्या कानांना लंच हा आधी खाण्याचा शब्द नव्हताच. लंच म्हणजे बंद खिडकी. साहेब ज्या वेळेत भेटत नाही ती वेळ. त्याच माणसाच्या पोराला शाळेत मधली सुट्टी होती आणि त्या सुट्टीत खिचडी; १९९५ पासून केंद्राची दुपारच्या भोजनाची योजना आली, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं, कागदावर शालेय पोषण आहार असं भारदस्त नाव आलं, आणि मुलांनी त्याला आजतागायत खिचडीच म्हटलं. ताटात मटकीची उसळ असली तरी.

मग रांजणगावची एमआयडीसी आली, तिकडे दौंड तालुक्यात कुरकुंभची. आणि लंचला दिवसाचं बंधन राहिलं नाही.

तिसऱ्या पाळीचं कॅन्टीन एकदा बघण्यासारखं असतं. रात्री अडीच-तीनचा सुमार. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली कप्प्यांच्या स्टीलच्या थाळ्या खणखणतात. पोळ्या, उसळ, वरण, भात, कोपऱ्यातल्या कप्प्यात लोणचं. जेवणारा निफाडचा, शेजारचा बिहारचा, समोरचा न्हावऱ्याचा. तिघंही डोळे चोळत जेवतात. या सुट्टीला बऱ्याच जणांच्या तोंडी लंचच असतं. ‘लंचला भेटू’ असं रात्री अकराला एक जण दुसऱ्याला म्हणतो आणि यात विनोद आहे असं दोघांनाही वाटत नाही. कायद्यानंही याला हातभार लावलेला. १९४८ च्या कारखाने अधिनियमात दीडशेवर कामगार असलेल्या ठिकाणी लंच रूम असावी असं कलम होतं. ती कुठल्या पाळीच्या लंचसाठी, हे सांगायची गरज कायद्याला वाटली नाही. सलग पाच तासांच्या आत निदान अर्ध्या तासाची विश्रांती द्यायची, मग ते पाच तास उन्हातले असोत की अंधारातले. त्या अर्ध्या तासाचं नाव लंच. म्हणजे कारखान्यात लंच ही वेळ नाही, पाळीचा मधला बिंदू आहे.

गोंधळ घरी आल्यावर सुरू होतो. सातला पाळी सुटते, कंपनीची बस आठला फाट्यावर सोडते. घरात शेतावर जाणाऱ्यांची न्याहारी चाललेली असते.

‘जेवून घे अन् मग पड,’ आई म्हणते.

‘आत्ताच लंच झालाय आई, तीनला.’

‘ती काय जेवायची येळ हाय व्हय? अर्धी भाकर खा.’

तो खातो. ती त्याची न्याहारी असते का संध्याकाळचं जेवण, ठरवणं अवघड. मग दार लोटून झोपतो, दुपारी तीनला उठतो, आणि घरातल्यांची जेवणं होऊन भांडी घासली गेल्यावर एकटा ताट घेऊन बसतो. त्याला आई ‘सकाळचं जेवण’ म्हणते. त्याच्यापुरतं ते खरंही आहे. पाळी दर आठवड्याला बदलते, आणि तिच्याबरोबर घरातल्या सगळ्या विशेषणांच्या जागा बदलतात. जेवण तेवढं जागेवर राहतं.

रेल्वेच्या दौंडला याचं नवल वाटणार नाही. मनमाडकडे जाणारा फाटा १८७८ मध्ये झाला तेव्हापासून हे गाव चोवीस तास जागं आहे. गाडी चालवणाऱ्यांना कामाचा कॉल रात्री दोनला येऊ शकतो, दुपारी दोनलाही. परगावी रनिंग रूममध्ये उतरायचं, सोबतच्या पेटीतला शिधा तिथल्या आचाऱ्याच्या हाती द्यायचा, आणि तो शिजवून देईल तेव्हा जेवायचं, अशी जुन्या ड्रायव्हर-गार्डांची रीत होती. अशा घरांत ‘बाबा जेवले का’ यापेक्षा ‘बाबा कधी निघणार’ याला महत्त्व. निघायच्या आधीचं ते जेवण.

उसाच्या फडातली तोडणी करणारी माणसं तर या सगळ्याच्या पलीकडची. बीड-अहिल्यानगरकडून आलेली कोयत्याची जोडी पहाटे तीन-चारला खोपीत चूल पेटवते, भाकऱ्या थापून फडक्यात बांधते, आणि अंधारातच फडात उतरते. उन्हं वर आली की वाढ्यांच्या सावलीत तेच फडकं उघडायचं. रात्री ट्रक भरायला कधी येईल याचा नेम नाही, त्यामुळे दुसरं जेवण ट्रकच्या वेळेवर. ‘ट्रक भरला का’ आणि ‘जेवण झालं का’ यांचं उत्तर एकच.

घड्याळाबरहुकूम जेवणाची नावं वापरणारी जात म्हणून आपण क्रिकेटकडे बघत होतो. कसोटीत आधी लंच, मग टी. रेडिओवर धावतं समालोचन ऐकणाऱ्या खेडोपाडीच्या माणसाला हे दोन शब्द कचेरीच्याही आधी पाठ झाले असतील. आणि त्यातही नोव्हेंबर २०२५ मध्ये गुवाहाटीला भारत-दक्षिण आफ्रिका कसोटीत आधी टी झाला, मग लंच. तिकडे सूर्य लवकर उगवतो, लवकर मावळतो, म्हणून खेळ नऊला सुरू करून अकराला चहाची सुट्टी दिली आणि जेवणाची दीडच्या सुमाराला. क्रिकेटच्या जाणकारांनी भुवया उंचावल्या. बांधावर न्याहारी, मग बाराला जेवण, या क्रमात वाढलेल्या माणसाला त्यात वावगं काही दिसलं नसणार.

डिनरची वाट लंचपेक्षा वेगळी. तो आपल्याकडे घरात आलाच नाही. शिरूर-दौंडमध्ये कुणी बायकोला ‘डिनरला काय केलंय?’ असं विचारल्याचं माझ्या कानावर नाही. विचारलं तर उत्तर काय मिळेल याची कल्पना आहे. डिनर बाहेरचा. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या ‘फॅमिली गार्डन’ हॉटेलात, वाढदिवसाला, साखरपुड्याला, रिसेप्शनला. मंगल कार्यालयात दुपारी मुहूर्तानंतर उठते ती पंगत, मग ती टेबल-खुर्चीवर का असेना. संध्याकाळी फोटोच्या रांगेनंतर उभ्यानं होतो तो डिनर किंवा बुफे. पत्रिकेवर मात्र दोन्हीला स्नेहभोजन. म्हणजे डिनर हा शब्दसुद्धा आपण वेळेसाठी घेतलेला दिसत नाही. केळवण, मावंदं, धोंडे जेवण यांच्या रांगेतच तो जाऊन बसला: आणखी एका प्रसंगाचं नाव. यवतला तुकोबांची पालखी मुक्कामाला येते तेव्हा गाव घरोघरच्या भाकऱ्या गोळा करतं, कढयांतून पिठलं शिजतं, हजारो वारकरी जेवतात, तेही रात्रीचंच. त्याला डिनर म्हणून बघा. वेळ बरोबर जुळते, शब्द चिकटत नाही.

ताजी भर हाय टीची. शिरूर तालुक्यात मोराची चिंचोळी आहे. मोर बघायला, बैलगाडीत बसायला आणि हिवाळ्यात हुरडा खायला शहरातली माणसं येतात. अशा कृषी पर्यटन केंद्रांच्या दिवसभराच्या पॅकेजात हल्ली सकाळी ब्रेकफास्ट, दुपारी लंच आणि निघताना हाय टी लिहिलेला आढळतो. पंचतारांकित हॉटेलांनी हाय टी म्हणजे उंची चहा असा समज पसरवला: चांदीच्या तबकात इवल्या पेस्ट्र्या, दर हजारांत. इंग्लंडात हाय टी हा मजुरांचा. दिवसभर खाणीत, गिरणीत राबून आलेला माणूस पाच-सहाच्या सुमाराला जेवणाच्या टेबलाशी बसून चहाच्या किटलीबरोबर मटण, मासे, पाव, चीज असं दणकून खायचा, तो हाय टी. उत्तरेकडच्या ज्या टीबद्दल वर लिहिलं, तोच हा. शेतावर दिवसभर उन्हात हिंडून आलेल्या पाहुण्यांना संध्याकाळी पाचला चुलीवरचा गुळाचा चहा, परातभर कांदाभजी आणि वर गरम भाकरीला लोण्याचा गोळा वाढणारी चिंचोळीची बाई हाय टी वाढते तो खाणवाल्यांचाच, पुण्याच्या हॉटेलातला नव्हे. दरही त्यांना परवडला असता.